बारावा पाळणा

आनंदबागेला चौदा वर्षं झाली म्हणून बागेच्या मालकानं, शालिकरामशेटनं, काचेची पेटी करवून घेतली होती. अकोट रस्त्यावरच्या या बागेचे पहिले दिवस ज्यांना आठवतात, त्यांनी आपल्याजवळची जुनी वस्तू आणून पेटीत ठेवावी, असं पत्रक त्यानं अकोलाभर वाटलं होतं. जी वस्तू दुसऱ्या कोणाजवळ नसेल, ती आणणाऱ्याला रहाटपाळणा जन्मभर फुकट.

भागीरथाबाईंनी पेटीतला ऐवज एका नजरेत पाहून घेतला. शेपूट तुटलेला लाकडी मोर. न वाजणारी शिट्टी. पुठ्ठ्याच्या रंगीत विमानात बसलेल्या नवराबायकोचा फोटो. विमानाखालून दोघांच्या चपला दिसत होत्या. आणि पितळेचे बिल्ले, मोर कोरलेले, ढीगभर. पाळण्यात बसणाऱ्याला तेव्हा बिल्ला मिळे आणि तो घरी नेता येई. लोक पेटीवर वाकून उसासे टाकत होते. बाईंना त्यांची कीव आली नाही. कीव यायलासुद्धा थोडी माया लागते.

नगरपालिकेच्या शाळेतल्या चौथीच्या बत्तीस मुली बाईंच्या मागे दोन रांगांत उभ्या होत्या. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची, ही बाईंनी लावलेली सवय. वाटेत त्यांनी सरकीच्या दुकानापासून ‘येथे थुंकू नये’पर्यंत सगळं वाचून काढलं होतं. आता पेटीतल्या चिठ्ठ्यांची पाळी होती.

“लाकडी मोर! सन एकोणीसशे त्रेपन्न!”

“काय दिवस होते बाई ते!” शालिकरामशेट पुढे आला. “अकोटाहून लोक बैलगाड्या जुपून येत. गरीब नाई, शिरीमंत नाई. सारे एकाच रहाटपाळन्यात बसत. आता राह्यलं का तसं?”

“सारे?”

“सारे म्हंजे सारे!”

बाईंनी पदराची गाठ सोडली आणि त्याच्या तळहातावर एक बिल्ला ठेवला. तसाच पितळेचा, तोच मोर. फक्त मोराच्या डोक्यावर एक भोक होतं आणि त्यात काळ्या पडलेल्या सुतळीचा तुकडा अडकला होता.

शेटनं चष्मा लावला. “अरे बापा! भोकवाला! असा तं माह्याजवळ बी नाई. कुठी भेटला तुमाले?”

“इथंच.”

“आन् हे भोक कायले असन बरं?”

“गळ्यात घालायले.”

“वा! गळ्यात! लय हौशी होते बरं तवाचे लोक.”

बाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. हे सोंग असतं तर एकवेळ चाललं असतं. पण हा माणूस खरोखरच विसरला होता. बारा वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्यांनी ती सुतळी जपली होती, आणि यानं साधी आठवणही ठेवली नव्हती.

पाळणा फिरवणारा म्हातारा सहदेव माठावर पाणी प्यायला आला होता. त्यानं बिल्ला पाहिला. बाईंकडे पाहिलं. पेला तसाच भरलेला ठेवून तो परत गेला.

“याच्यापुढं बाकीचा सारा कचरा हाय,” शेट म्हणाला. त्यानं कोरा पुठ्ठा आणि दौत पुढे सरकवली. “तुमचं अक्षर शायेतलं. तुमीच लिहा दोन ओळी.”

बाईंनी लिहिलं. फळ्यावर लिहितात तसं, सावकाश, मोठ्या अक्षरात, एकही काना न खाता. तोवर शेटनं मोर बाजूला सारला, मधोमध मखमलीवर बिल्ला मांडला आणि लोकांना हाका मारल्या, “या, पाहा! असा नग साऱ्या वऱ्हाडात नाई!” बाईंच्या हातातला पुठ्ठा न वाचताच त्यानं बिल्ल्यामागे टेकवला आणि झाकणाला कुलूप लावलं.

बत्तीस मुलींनी वाचायला सुरुवात केली.

“बारावा पाळणा! सन एकोणीसशे बावन्न! हा बिल्ला महारवाड्यातल्या मुलांच्या गळ्यात घालत, म्हणजे ती कोणत्या पाळण्यात बसवायची ते लांबून कळे! बाकीच्यांचे बिल्ले घरी नेता येत! हे मात्र फाटकापाशी परत घेत! हा एक मी तोंडात लपवून नेला! आम्ही उतरलो की पाळणा धुऊन काढत!”

आता कोणी उसासा टाकला नाही. फोटोतल्या विमानातली बाई गर्दीतच होती. ती आपल्या चपलांकडे पाहू लागली. शेट किल्लीसाठी खिसे चाचपत होता. किल्ली त्याच्या हातातच होती.

“बाई, जुन्या गोष्टी कायले उकरता?” तो हळूच म्हणाला. “पोरी हाएत.”

“तुमीच पत्रक वाटलं ना, शेटजी? जुनं घेऊन या म्हून. आन् पोरी हाएत म्हूनच मोठं अक्षर काढलं.”

रांगेतून वच्छलानं हात वर केला. “बाई, पाळणा कावून धुवत?”

भागीरथाबाईंनी सहा वर्षांत एकाही मुलीचा प्रश्न परत पाठवला नव्हता.

“याचं उत्तर माझ्याजवळ नाही, बाळा. ते शेटजींजवळ आहे. त्यांना विचार.”

वच्छला एक पाऊल पुढे आली आणि शिकवलं होतं तसं शेटसमोर हात वर करून उभी राहिली. तिचं पाहून दुसरीनं केला. मग मागचीनं. बघता बघता बत्तीस हात वर झाले.

“घाई नका करू गं,” बाई मुलींना म्हणाल्या. “आठवू द्या त्यांना.”