पहिला तोडा

चेक देशातल्या झाटेक गावी बस चालवणाऱ्या ओटाकरने जोडधंदा म्हणून घरामागच्या तुकड्यात हॉप्सचे वेल लावले. बिअरला कडवटपणा आणणारं हे पीक तिकडे घरोघरी. मुलगी अपघातात गेल्यापासून त्याची बायको यार्मिला रात्र-रात्र छताकडे बघत पडायची. गोळ्यांनीही तिचा डोळा लागत नसे. तिच्या हाताला काहीतरी काम हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिला तोडा वाळवून पोत्यांत भरला, तेव्हा बिअर कारखान्याचा माणूस भर दुपारी टेम्पो घेऊन दारात आला.

"काय बसवाले, माल तयार ना? चढवू का पोती?"

"हळू बोला. पोत्यांवर बायको झोपलीये. हॉप्सच्या वासाने डोळा लागलाय तिचा."

"मग उठवा की वहिनींना! टेम्पो काय दिवसभर उभा करू?"

"नका करू. माल द्यायचाच नाहीये."

तो बडबडत निघून गेला. ओटाकरने खोलीचं दार अलगद लोटलं आणि वेल उतरवलेल्या रिकाम्या खांबांमध्ये, घरापासून लांब जाऊन बसला.

मुलगी गेल्यावर तो पहिल्यांदाच रडला.