कुंपणाशी दोघी

पात्यांच्या टोकांवरच्या चिमुकल्या भट्ट्या पेटल्या आणि विल्फ्रेड ऑर्मरॉडने सवयीने दात आवळले. कानात कापसाचे बोळे, वर चामड्याची टोपी, तरी आवाज हाडांतून आत शिरायचा. हेलिकॉप्टर पुरुषभर वर उचललं गेलं आणि तिथेच तरंगत राहिलं. काही वर्षांपूर्वी हे बघताना विल्फ्रेडचा ऊर भरून यायचा. आता त्याला फक्त झोप येत होती.

यंत्र तसं गुणाचं. पात्यांच्या टोकांतून जळता झोत मागे सुटायचा आणि त्याच्या जोरावर पाती फिरायची. मधोमध जड दातेरी चक्रं नकोत, शेपटीला पंखा नको. हलकं, स्वस्त, भर शहरात एखाद्या छपरावर उतरेल असं. खोट एकच, आवाज. पहिल्या चाचणीला गावातल्या खिडक्यांची तावदानं थरथरली, तेव्हापासून विल्फ्रेड झोताची तोंडं कापत, वाकवत, बदलत आला होता. फरक पडला होता. पुरेसा पडला का, ते आज ठरायचं होतं. पडला असेल तर सरकार यंत्रं विकत घेणार. नसेल तर शेडला कुलूप, आणि सगळी माणसं घरी.

लंडनच्या खात्यातून आलेल्या मिस्टर पेल्हमांचा आवाज मोजायच्या काट्यावर विश्वास नव्हता. "काट्याला शेजारी नसतात," ते म्हणाले. त्यांची परीक्षा साधी होती. यंत्र तरंगत असताना कुंपणाशी उभ्या दोन माणसांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. माणसं कंपनीची नकोत, म्हणून ते स्वतः रस्त्यावर गेले आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन चाललेल्या दोन बायकांना बोलावून आणलं. फ्लोरी नटॉल आणि हेटी हॅलिवेल. दोघी साठीच्या, दोघींच्या डोक्याला रुमाल. त्या बुजू नयेत म्हणून पेल्हम त्यांच्यापासून लांब, यंत्राजवळच्या शेडपाशी उभे राहिले.

दोघी अशा काही बोलल्या की विचारू नका. हेटीने सुनेला फैलावर घेतलं. सून मटणावर रचायचे बटाटे वीटभर जाड कापते, वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. हेटी बोटांनी जाडी दाखवत होती, फ्लोरी पोट धरून हसत होती. विल्फ्रेडलाही हसू आलं.

यंत्र उतरलं. पेल्हमांनी दोघींना वेगवेगळं बाजूला घेतलं आणि दुसरी काय म्हणाली ते विचारलं. शब्दाला शब्द जुळला.

"आवाज चढवावा लागला का, बाई?"

"छे हो साहेब," फ्लोरी म्हणाली. "एवढ्यातेवढ्याला कोण ओरडत बसतंय."

पेल्हम विल्फ्रेडपाशी आले. "अभिनंदन, ऑर्मरॉड. माझ्या कानात अजून दडे बसलेत, पण मी यंत्राजवळ होतो. शेजाऱ्यांना चालतंय, मग मला चालतंय."

शेडपुढे माणसांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी चहाला आधण ठेवलं.

"त्या बटाट्यांचं ऐकून मलाही—" विल्फ्रेड म्हणाला आणि थांबला.

तो तर पात्यांखाली उभा होता. कापूस घालून. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. त्याने बघितलं होतं. त्याच्या आईचा जन्म कापडगिरणीत मागांपुढे गेला. तिथल्या खडखडाटात कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ वाचतात. आई घरीसुद्धा ओठांनीच रागवायची, आणि दुधाचे दात पडायच्या आधी पोर ते वाचायला शिकलं होतं. लँकशरच्या या खोऱ्यात तिच्या वयाच्या कोणत्या बाईने माग चालवला नव्हता? लंडनच्या माणसाला हे कुठून माहीत असणार.

घास हातातोंडाशी आला होता. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. विल्फ्रेडला मनापासून गप्प बसायचं होतं. पण उद्या हे यंत्र लंडनच्या घरांवरून जाणार, आणि तिथल्या बायका मागावर उभ्या राहिलेल्या नाहीत. पुन्हा तक्रारी, पुन्हा झोताची तोंडं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्याच्या अंगात तेवढं बळच उरलं नव्हतं.

"साहेब, आणखी एकदा बघू," तो म्हणाला. "या वेळी त्यांना एकमेकींकडे पाठ करून बोलू द्या."

 पेल्हमांनी मान डोलावली.

भट्ट्या पुन्हा पेटल्या. दोघी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. हेटीने काहीतरी विचारलं. फ्लोरी ढिम्म हलली नाही. हेटीने पुन्हा विचारलं, मग तिनेही नाद सोडला. शेडपाशी पेल्हम टोपी घालून मोटारीकडे निघाले.

फ्लोरीचं तोंड यंत्राकडे होतं. तिने विल्फ्रेडला नजरेने शोधलं आणि ओठ मोठे करून, सावकाश बोलली. त्या गदारोळात त्याला प्रत्येक शब्द कळला.

"आम्ही दोघी मेलो तरी कुणाला सांगितलं नसतं रे, पोरा."