ढिगातली कॅसेट

सेक्टर बावीसच्या बाजारात, स्वस्तात काढलेल्या कॅसेटींच्या ढिगातून वीणाने एका इंग्रजी बँडची कॅसेट आणली आणि नेमका कर्फ्यू लागला. घरात अडकलेली वीणा दिवसभर तीच लावायची. गाण्यांच्या चाली अशा, की भांडी घासताना तिच्या आईच्या, प्रतिमाच्याही तोंडी यायच्या. त्याने ती आणखीच वैतागायची.

“डोकं उठलंय माझं. बंद कर ते.”

“मम्मी, बस एक बार और.”

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या हरभजन कौर आल्या होत्या.

“माफ करना जी, अभी बंद करवाती हूँ,” प्रतिमा ओशाळून म्हणाली.

“ना बहनजी, थोड़ा ऊँचा करो.”

त्यांच्या मुलाला पोलीस घेऊन गेल्यापासून त्यांचे यजमान, सरदारजी, प्रत्येक जीपच्या आवाजाला उठून दाराशी जात होते. आज वरच्या गाण्याच्या आवाजात एकही जीप ऐकू आली नव्हती. आत्ताच त्यांचा डोळा लागला होता.