एका कमांडचं काम

“सर, पुन्हा कोसळलं,” हुबळीच्या ऑफिसातून भारती म्हणाली. “पाचव्यांदा.”

रायापुरात, घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या श्रीवत्सला लॅपटॉपवर तिचा पडदा दिसत होता. कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर लहान लहान तुकड्यांत चालायचं आणि ते तुकडे सांभाळणाऱ्या यंत्रणेला क्लस्टर म्हणत. त्याचीच छोटी नक्कल भारतीला स्वतःच्या मशीनवर उभी करायची होती. तुकडे एकेक करून हिरवे होत आणि मिनिटभरात लाल पडत.

अकरा वर्षं हे काम एकट्या श्रीवत्सचं होतं. आज त्याचा शेवटचा दिवस. बारापर्यंत भारतीचा क्लस्टर चालला तर त्याला निरोप. नाही चालला तर त्याला आणखी महिनाभर ठेवणार आणि भारतीला, तिची चाचणीची मुदत तशीही संपतच होती, घरी पाठवणार. मॅनेजर राघवेंद्र साहेबांनी दोघांनाही हे काल एकाच कॉलवर सांगितलं होतं.

चूक कुठे आहे ते श्रीवत्सला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. क्लस्टरच्या आतले पत्ते आणि ऑफिसच्या नेटवर्कचे पत्ते एकच पडत होते. एकाच नंबरची दोन घरं. निरोप भलत्याच दारी जायचा. त्यानं स्वतःच्या मशीनवर ते कधीच बदलून घेतलं होतं, पण लिहून कुठेच ठेवलं नव्हतं.

त्यानं माइक बंद केला. समोर त्याची बायको उत्तरा शेंगा सोलत बसली होती.

“अहो, तुम्हांला ठाऊक आहे ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग गप्प बसा. एक महिना. तेवढ्यात दुसरं काहीतरी बघता येईल.”

तो गप्प बसला. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. भारती पुन्हा पुन्हा तीच कमांड देत होती. आता ती बोलतही नव्हती, नुसतं नाक ओढल्याचा आवाज यायचा. अळणावर गावाच्या पलीकडच्या खेड्यातून रोज पहाटेच्या गाडीनं यायची ती. घरात शिकलेली पहिलीच.

श्रीवत्सनं माइक चालू केला. उत्तरा उठून आत गेली.

“भारती, सेटिंगच्या फाइलमधली चौदावी ओळ बघ. तिथला पत्ता बदल. मी सांगतो तो घाल.”

तिनं घातला. तुकडे हिरवे झाले. एक मिनिट गेलं, दोन गेली. हिरवेच राहिले.

“आयतु, अण्णा! झालं!” ती ओरडली. सर म्हणायचं विसरलीच.

राघवेंद्र साहेब कॉलवर आले. त्यांनी सगळं पुसायला लावलं, पुन्हा उभं करायला लावलं. एका कमांडमध्ये उभं राहिलं. शेजारच्या मशीनवरही राहिलं.

“फारच छान,” ते कानडीत म्हणाले. “म्हणजे आता हे ज्याचं तो करून घेईल. यासाठी वेगळा माणूस नकोच. भारती, तुझी मुदत आज संपतेच आहे, तर दुपारी एचआरला भेटून घे. श्रीवत्स, थँक्स हां.”

ते गेले. कॉलवर दोघंच उरली.

“अण्णा,” भारतीनं विचारलं, “हे पत्त्याचं शोधायला तुम्हांला किती दिवस लागले होते?”

“नऊ.”

“मला नऊ दिवस मिळाले असते तर मलाही सापडलं असतं.”

“सापडलं असतं,” श्रीवत्स म्हणाला. पण तोवर तिचा पडदा गेला होता. त्या जागी पासवर्ड विचारणारा चौकोन आला होता, आणि त्याखाली लिहिलं होतं की श्रीवत्स नावाचं कुठलंही खातं अस्तित्वात नाही.