चपला सांभाळणारी

"तू जा गे विद्दू, मी चपला बघतें," चंद्रिका म्हणाली आणि वाळूत फतकल मारून बसलीसुद्धा.

विद्युलता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बेसंट नगरच्या किनाऱ्यावर हे वाक्य तिने आजवर किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. बँकेतल्या बदलीने ती चेन्नईत आली, शेजारच्या टेबलावरची चंद्रिका तिची जिवाभावाची मैत्रीण झाली, तेव्हापासूनचं हे. विद्युलता पाण्यात धावायची आणि चंद्रिका दोघींच्या चपलांचे पट्टे मुठीत आवळून बसायची, गाईचं दावं धरल्यासारखी. पुढे विद्युलता पुण्याला परतली, तरी दर जानेवारीत रजा टाकून इकडे यायचीच. आधी शहर हिंडायचं, मग शेवटच्या संध्याकाळी समुद्र. चंद्रिका तंजावरच्या मराठी घरातली, जन्म सगळा चेन्नईत गेला, पण पायाला समुद्राचं पाणी म्हणून लागलं नव्हतं बाईच्या!

"आज मी बसते. तू जा."

"अय्यो, नको गे. गुडघा दुखतो."

"काल मैलापूरला देवळात प्रदक्षिणा घालताना नाही दुखला? आणि टी. नगरच्या दुकानात जिने चढताना?"

"तो देव गे. आणि ती साडी."

विद्युलताला हसू फुटलं, पण ती हटली नाही. येत्या रविवारी चंद्रिका मुलीकडे मेलबर्नला निघणार होती, कायमची. तिच्या वेलचेरीच्या घरात आता दोन खुर्च्या आणि कॉफीचा फिल्टर एवढंच उरलं होतं. दोघी जमिनीवर पथारी पसरून झोपत होत्या आणि हॉस्टेलातल्या पोरींसारख्या गप्पा छाटत होत्या. पुढच्या जानेवारीत इथे यायचं तरी कुणाकडे? ते एक राहू दे, पण पाय न भिजवता ही चेन्नई सोडणार, हे विद्युलताला काही केल्या पटत नव्हतं.

"तिकडेपण समुद्र आहे की," चंद्रिका म्हणाली.

"तिकडे चपला सांभाळायला मी नसेन."

हे मात्र वर्मी बसलं. कागदाच्या पुडीतलं उरलंसुरलं सुंडल, खोबरं-कैरी घातलेले उकडलेले वाटाणे, चंद्रिकेने तोंडात टाकलं, पदर खोचला आणि विद्युलताच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"हसशील तर बघ हां."

सूर्य पाठीमागच्या इमारतींकडे कलला होता. पहिल्या खेपेला विद्युलता इथे पाण्याकडे तोंड करून सूर्यास्ताची वाट बघत बसली होती, मुरुडला मामाकडे बसायची तशी. चंद्रिकेने तिला पार अंधार पडेपर्यंत बसू दिलं आणि मग सांगितलं की इथला सूर्य पाठीमागे मावळतो. नुसत्या आठवणीने आजही दोघी पोट धरधरून हसायच्या. आता त्याच उन्हात चंद्रिकेची लांबलचक सावली तिच्याआधीच पाण्यात उतरली.

पहिली लाट पायावर आली तशी ती केवढ्यांदा किंचाळली! फुगेवालासुद्धा वळून बघायला लागला. तिच्या जागी चपलांपाशी बसलेल्या विद्युलताने टाळ्या पिटल्या. दुसरी लाट आली, तिसरी आली, आणि चंद्रिका मागे सरायच्या ऐवजी पुढेच निघाली. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या, मग गुडघे. पोलिसाची शिट्टी वाजली. तिने लक्षच दिलं नाही.

"चंद्रिके, पुरे! मागे ये!"

समोरून वारा होता. हाक तिथल्या तिथेच विरली. विद्युलता उठून उभी राहिली. इथून फक्त चंद्रिकेची पाठ दिसत होती, जांभळी साडी आणि पांढरी वेणी, आणि ती पाठ लहान लहान होत चालली होती. एक मोठी लाट आली. क्षणभर नुसतं डोकं दिसलं. वळ ना गं एकदा, विद्युलता पुटपुटली, एकदा तरी मागे बघ. आणि मग तिला आठवलं की पाण्यात असताना आपणही कधी मागे वळून बघितलं नव्हतं.

लाट ओसरली. चंद्रिका उभी होती. कमरेपर्यंत चिंब भिजून, डुलत डुलत ती परत आली. चेहरा असा उजळलेला, की मेलबर्न-बिलबर्न सगळं विसरली असावी.

"खारट आहे गे!" ती धापा टाकत म्हणाली, जणू हा शोध तिनेच लावला होता.

"हाक मारत होते मी. ऐकू नाही आली?"

"नाही गे. तिकडे काही ऐकायाला येत नाही." चंद्रिका ओला पदर पिळत खाली बसली. मग तिची नजर विद्युलताच्या हाताकडे गेली. दोघींच्या चपलांचे पट्टे मुठीत इतके करकचून धरलेले, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आता कळलं ना, मी कां धरत होतें तें?"

विद्युलताने मान हलवली.

"दे माझी चप्पल. ऑटो मिळायाला हवा."

"थांब जरा. पाय वाळू देत तुझे."

पाय वाळले, वाळू झटकून झाली, दिवे लागले. चंद्रिकेने पुन्हा हात पुढे केला. विद्युलता पट्टे सोडेना.