रिकाम्या जागा

आई सकाळपासून फोन उचलत नव्हती आणि त्याला व्यासपीठावर जायला थोडाच वेळ उरला होता.

त्याने पुन्हा घरचा नंबर लावला. घंटा वाजून वाजून थांबली.

"रुसली असेल," दाढीवाला म्हणाला. दोघे कॉलेजपासूनचे दोस्त, कंपनीही दोघांची. "एकट्या बाईच्या घरात भिंतीभिंतीवर डोळे बसवलेस. माझ्या आईने झाडूने फोडले असते."

"डोळे नाहीत रे ते. नुसती हालचाल कळते."

"हे तिला सांग."

सांगून झालं होतं. सेन्सर बसवले त्या दिवशी आई एवढंच म्हणाली होती, "म्हणजे आता तू फोन करणार नाहीस." तो हसला होता. पुढे कामाच्या धबडग्यात फोन खरोखरच कमी झाले.

त्याने लॅपटॉप उघडला. आईच्या घराचा चौकोन हिरवा होता. खाली अक्षरं होती: 'स्वयंपाकघर, आत्ता.' त्याचा जीव भांड्यात पडला.

डेटा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरची परिषद म्हटली की खुर्च्या कमी पडतातच. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं भिंतींना टेकून उभी होती. त्याच्यामागच्या मोठ्या पडद्यावर हिरवे चौकोन पसरले होते. एकेक चौकोन म्हणजे एकेकट्या म्हाताऱ्या माणसाचं घर.

"हे माझ्या आईचं," तो म्हणाला. "आत्ता ती स्वयंपाकघरात आहे. आता बाहेरच्या खोलीत येईल आणि खिडकीशी बसेल."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. अक्षरं बदलली: 'बाहेरची खोली, खिडकी.'

टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतून शहराच्या वृद्धसेवा विभागाच्या संचालिका उठल्या. त्यांनी सही केली तर हेच चौकोन शहरभर होणार होते.

"आधी तुमची धोक्याची घंटा ऊठसूट वाजायची," त्या म्हणाल्या. "जरा वेळ हालचाल दिसली नाही की झालीच सुरू. आमची माणसं धापा टाकत जिने चढायची, तर आजोबा आपले शांतपणे पेपर वाचत बसलेले. आता महिनाभर एकदाही वाजली नाही. काय जादू केलीत?"

"जादू कसली, मॅडम. शाळेत रिकाम्या जागा भरायचो ना, तेच. सेन्सरकडून खबर आली नाही, तर त्या माणसाच्या सवयीवरून यंत्र मधली जागा भरून घेतं. माझी आई कधी कुठे बसते हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

सभागृहात हशा पिकला. संचालिकाही हसल्या.

कॉफीच्या वेळी त्या स्वतःच त्याच्या टेबलाशी आल्या. हातात करार होता.

"आजच सही करून टाकते. खरं सांगू का, माझे बाबाही आहेत तुमच्याकडे. हे बघा." त्यांनी लॅपटॉपवरच्या एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "जेवून आडवे झालेत. दुपारी झोप लागते त्यांना."

"बोलणं होतं का?"

"फोनवर ऐकूच येत नाही हो. ते नुसतं हॅलो हॅलो करणार, मी इकडे ओरडणार, आणि शेवटी शेजारच्यांना सगळं कळणार. आधी दिवसाआड जायचे मी. या परिषदेच्या गडबडीत दोन आठवडे पाऊल पडलं नाही तिकडे. पण जिवाला घोर नाही. सकाळी उठून पहिलं हेच बघते."

त्याचा फोन वाजला. थोरल्या बहिणीचा होता.

"ताई, आई फोन उचलत नाहीये गं."

"कशी उचलेल? आई माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? कधीपासून?"

"रविवारपासून. तुला सांगू नको म्हणाली. त्याला कळतं का बघू या, म्हणे. घराला कुलूप आहे, मेन स्विचसुद्धा बंद करून आलीय."

मागून आईचा आवाज आला. "विचार त्याला, मी आत्ता काय करतेय?"

तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आई धडधाकट होती, चार माणसांत होती, नेहमीसारखी टोमणे मारत होती. याहून जास्त त्याला काय हवं होतं?

मग त्याची नजर लॅपटॉपवर गेली. 'बाहेरची खोली, खिडकी.'

त्याचं हसू विरलं.

रिकामी जागा भरायला एक मर्यादा होती. दोन तासांत खरी खबर आली नाही तर घंटा वाजायलाच हवी. ती मर्यादा त्यानेच महिन्यापूर्वी काढली होती. परिषदेत सगळ्यांसमोर एखादा चौकोन उगाच लाल व्हायला नको, म्हणून. फक्त परिषदेपुरती.

"काय म्हणते आई?" संचालिकांनी पेनाचं टोपण काढलं.

"मजेत आहे." त्याने कीबोर्डवर हात ठेवले. "मॅडम, सही नका करू. एक मिनिट."

दाढीवाल्याने दुरूनच खूण केली, काय झालं? त्याने तिकडे बघितलं नाही. मर्यादा परत लावली आणि बटण दाबलं.

आईचा चौकोन लाल झाला.

"अगंबाई! रागावल्या वाटतं आई," संचालिका हसून म्हणाल्या. त्यांचं बोट परत बाबांच्या चौकोनावर गेलं होतं.

बोटाखालचा चौकोनही लाल झाला. अक्षरं बदलली: 'शेवटची खरी हालचाल: बाथरूम, नऊ दिवसांपूर्वी.'