राखीव कुरणातला शिस्तीचा चोर

गवत चोरीला जात होतं, यात मास्तरांना आता शंका उरली नव्हती. त्रास वेगळाच होता. चोर शिस्तीचा होता.

कुरणाच्या एका कडेनं गवत खाल्लं गेलं होतं, तेही आखल्यासारखं, पट्ट्यापट्ट्यानं. खाल्लेल्या पट्ट्यात बोटभर गवत मागे ठेवलेलं, पुढचं सगळं उभंच्या उभं. फाटकाचं कुलूप शाबूत, तार कुठे वाकलेली नाही. चुकार गुरं शिरली असती तर त्यांनी सगळ्याचा विचका केला असता.

बाहेरच्या माळावर उन्हाळा लागताच नुसती माती उरली होती. तारेच्या आतलं हे राखीव कुरण पावसापर्यंत पुरलं तर गाई राहणार, नाही तर विकाव्या लागणार. व्यापारी दोनदा ट्रक घेऊन येऊन गेला होता. तो भाव सांगत नसे. आभाळाकडे बघून हसे.

मास्तर कुरण समितीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा दुसरं कुणीच तयार नव्हतं, म्हणून एकमतानं निवडून आलेले. कुणाची गुरं कुठल्या दिवशी आत सोडायची हे ठरवायला त्यांनी सभा घेतल्या. पहिल्या सभेत गवंडी आणि पोस्टमन हमरीतुमरीवर आले. दुसरीत खुर्ची मोडली. तिसरीत ती कुणी मोडली यावर वाद झाला. शेवटी मास्तरांनी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि जाहीर केलं, "पाळी ठरेपर्यंत कुणीच नाही." तेव्हापासून गाव त्यांना पाठीमागे 'कुलूप' म्हणायचं. मास्तरांना ते मनातून आवडलं होतं.

"रविवारी सभा आहे," जेवताना ते बायकोला म्हणाले. "कुरण राखता आलं नाही, हे मला कबूल करावं लागेल. मग घरटी एक गाय विकायची. सुरुवात अध्यक्षापासून."

"म्हणजे तांबडी?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तांबडीची आई विताना मेली होती. बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. "तत्त्व दूध किती देतं?" तिनं विचारलं आणि भाजी वाढली.

"चोर सापडला तर विकावी लागणार नाही."

"कुणावर संशय आहे?"

"शिंप्यावर. इतकी सरळ रेघ दुसऱ्या कुणाला जमायची?"

ती हसली नाही. "ऊन फार आहे. दुपारचं बाहेर पडू नका," एवढंच म्हणाली.

दुपारी मास्तर बाहेर पडले. कुरणाशेजारच्या कोरड्या हौदामागे ते लपले, पण अध्यक्षाला शोभेल असे, म्हणजे खाली रुमाल अंथरून.

शिंपी आलाच. मागे त्याच्या गाई. त्यानं खिशातून किल्ली काढली. मास्तरांनी सदरा चाचपला, त्यांची किल्ली आतल्या खिशातच होती. शिंप्यानं फाटक उघडलं, गाई आत घेतल्या आणि पुन्हा लावलं. मग काठी आडवी धरून पट्ट्याच्या कडेला उभा राहिला. एका गाईनं पलीकडच्या गवताकडे मान लांबवली, तशी त्यानं तिला हलकेच टोचलं. "ते उद्याचं आहे, बाई. आपलं नाही."

इतक्या सभा झाल्या, पण उद्याबद्दल इतक्या आदरानं बोललेलं मास्तरांनी कधी ऐकलं नव्हतं. तरीही ते उठले.

"चोरा!"

शिंप्यानं आधी गाईला मागे घेतलं, मग वळून बघितलं. "हळू, मास्तर. गुरं बुजतात."

"रविवारी सभेत उभं राहायचंस तू!"

"राहीन की. पण मग सगळेच उभे राहतील. बसायला कोण उरणार?"

"म्हणजे?"

"आज माझा वार. उद्या गवंड्याचा, परवा पोस्टमनचा. गुरुवार सुताराचा. शनिवार..." शिंपी अडखळला. "शनिवारचं जाऊ दे."

"अरे, गवंडी आणि पोस्टमन एकमेकांचं तोंड बघत नाहीत!"

"म्हणून तर वार वेगळे. आणि चोरी करताना भांडता येत नाही, मास्तर. आवाज होतो."

मास्तर तिथेच मातीत बसले. रुमाल हौदामागेच राहिला. उभ्या गवताकडे ते बघत राहिले. इतके दिवस त्यांनी त्याच्याकडे पुरावा म्हणून बघितलं होतं, आज पहिल्यांदा गवत म्हणून बघितलं. एका वेळी एकच पट्टा, बोटभर मागे ठेवून. पावसापर्यंत पुरणार होतं. थोडं उरणारही होतं. तांबडी राहणार होती. त्यांना आनंद झाला, फक्त तो अध्यक्ष म्हणून मानावा की नाही, हे कळेना.

"पुरेल," ते पुटपुटले.

"पुरणारच. जास्त खाल्लं तर तुम्हाला कळेल, या धाकानं सगळे बेतानं चारतात. तुमच्या कुलपाचा फार आधार आहे."

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सभा बोलावली असती."

 मास्तर उठले, धोतर झटकलं आणि आवाजात जमेल तेवढा मोठेपणा आणून म्हणाले, "जे झालं ते झालं. पण ज्यानं भांडकुदळ गावाला असं शिस्तीत चालवलं, त्याला मला भेटायचंय. तो अध्यक्ष व्हायला हवा होता. कोण आहे?"

 शिंप्यानं गाई बाहेर काढल्या, फाटकाला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग किल्ली मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"आता तुम्ही घरीच चाललाय, तर माझा हेलपाटा वाचवा. ही वहिनींना द्या. सकाळी गवंडी तुमच्या मागच्या दारी येईल, त्याच्यासाठी."